वय झालंय, दुसरं काय!

जुना डिझेल ट्रक सकाळी सुरू व्हायला वेळ लावू लागला की त्याच्याभोवती जमलेल्या मंडळींत एका मुद्द्यावर कधीही मतभेद होत नाही: गाडीचं वय झालं. हे म्हणायला मेकॅनिक असावं लागत नाही. कोपऱ्यावरचा चहावाला, दूध घालून परतणारा शेजारी, एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले काका, सगळे ते म्हणू शकतात आणि म्हणतात. मतभेद सुरू होतात ते त्यानंतर. ड्रायव्हरच्या मते बॅटरी गेली, कारण बॅटरी मालकाने आणायची असते. मालकाच्या मते ड्रायव्हरला सेल्फ मारता येत नाही, कारण या दोषाला पैसे पडत नाहीत. वायरमन डिझेल पंपाकडे बोट दाखवतो, पंपवाला इंजिनाकडे, आणि इंजिनाचं काम करणारा मिस्त्री थोडा वेळ गप्प राहून म्हणतो, ‘‘मालक, एकदा खोलून बघू.’’ खोलून बघण्यात पुन्हा जोडण्याचे पैसे धरलेले असतात. माझं म्हणणं असं की पुढचे मतभेद निरुपद्रवी आहेत. सगळ्या खर्चाचं मूळ त्या पहिल्या, सर्वमान्य वाक्यात आहे. वय हे निदान नव्हे. ते निदान टाळण्याचं एक सभ्य निमित्त आहे.

ही सबब इतकी चालते याचं कारण तिच्यात कुणाचीच चूक नसते. वय आपोआप होतं, त्यावर उपाय नसतो, आणि उपाय नसल्यामुळे तो न केल्याचा ठपकाही कुणावर येत नाही. पण जरा शेजारच्या गाडीकडे पाहावं. टाटांची ४०७ बाजारात आली १९८६ साली. तिच्या सुरुवातीच्या पिढ्यांतल्या कितीतरी गाड्या अजूनही विटा, कांदा, मंडपाचे बांबू आणि वरातीतला डीजे वाहताना दिसतात. त्यांतली एखादी सेल्फला हात लागताच अर्ध्या फेरीत पकडते आणि तिच्याच वयाची दुसरी सगळ्या आळीला उठवते, फक्त स्वतः उठत नाही. वय कारण असतं तर दोघींनी सारखाच छळ मांडला असता. लोखंडाला आपला वाढदिवस ठाऊक नसतो. गाडीत वय शिरतं ते ठरावीक दारांनी: बॅटरीच्या टर्मिनलवर साचणारा पांढरा-हिरवा थर, सेल्फमधले झिजलेले कार्बन आणि बुश, चेसिसला कसलेली अर्थिंगची पट्टी, डिझेल लाइनमधले चेपलेले तांब्याचे वॉशर. यांतलं बहुतेक काही काढून, पुसून किंवा बदलून पुन्हा तरुण करता येतं, आणि तेही दुपारच्या जेवणाआधी.

त्यासाठी आधी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. इंजिन हळू फिरतंय, की फिरतंय चांगलं पण पकडतंय उशिरा? हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात सेल्फ मारल्यावर कण्हल्यासारखा, ओढून आणलेला आवाज येतो आणि प्रत्येक दाबाला इंजिन अडखळतं. दुसऱ्यात सेल्फ उत्साहाने गरगर फिरतो, बराच वेळ फिरतो, आणि मग कधीतरी एक सिलिंडर पेटतो, दुसरा त्याला साथ देतो आणि गाडी थरथरत चालू होते. कान असलेल्या कुणालाही हा फरक दोन सकाळींत कळेल. तरी दोन्हींना मिळून ‘स्टार्टिंगचा प्रॉब्लेम’ असं एकच नाव पडतं आणि पहिल्या आजारावर दुसऱ्याचं औषध सुरू होतं.

औषध का चुकतं, हे कळायला थोडं आत डोकवावं लागेल. पेट्रोल इंजिनात ठिणगी देणारा प्लग असतो. डिझेलमध्ये तो नाही. हवा सोळा-सतरा पट दाबायची, ती दाबाने तापून पाचशे अंशांच्या पुढे जाते, आणि तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की तो आपणहून पेटतो, एवढीच मूळ युक्ती. रुडॉल्फ डिझेल यांना तिचं पेटंट १८९३ साली मिळालं आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिलं इंजिन उभं राहिलं. परंतु ते बोलल्याप्रमाणे चालतं हे अधिकृत चाचणीत सिद्ध व्हायला १८९७ चा फेब्रुवारी उजाडला. म्हणजे डिझेल इंजिन या जातीला धडपणे सुरू व्हायला सुमारे चार वर्षं लागली, आणि तेव्हा ती जात नवीकोरी होती. वयाचा मुद्दा तिथेच निकालात निघायला हरकत नव्हती.

गोम आहे ती वेगात. हवा झटकन दाबली तर तापते. रेंगाळत दाबली तर तापता तापता निवतेही. थोडी पिस्टनच्या रिंगांवरून निसटते, आणि राहिलेल्या हवेची ऊब सिलिंडरच्या गार भिंती पिऊन टाकतात. ढोबळ मानाने इंजिन मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्यांनी फिरलं तर काम होतं. त्याच्या निम्म्यावर आलं तर धडधाकट इंजिनातलं डिझेलही थंडीत पेटायला नकार देतं. आता डिसेंबरातली निफाडची पहाट घ्या. तिथला पारा पाच अंशांखाली उतरला की वर्तमानपत्रांत बातमी येते, आणि त्याच तालुक्यात लासलगाव आहे, जिथे कांदा लिलावाआधी पोचायचा असतो. त्या पहाटे तीन गोष्टी एकाच वेळी उलटतात. इंजिनातलं ऑइल घट्ट झाल्याने ते फिरवायला जास्त जोर लागतो, गारठलेल्या बॅटरीतून जोर कमी निघतो, आणि आत ओढलेली हवाच इतकी गार की तिला तापवायला वेग अधिक हवा. त्यात टर्मिनलवर थर साचलेला असला की इंजिन कण्हत फिरतं, हवा पुरेशी तापत नाही, डिझेल न जळता पांढरा धूर होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं, आणि तो धूर पाहून मंडळी मान डोलावतात: कॉम्प्रेशन गेलं! कॉम्प्रेशन कुठेही गेलेलं नसतं. वायरीच्या टोकाचा दोष इंजिनाचं सोंग घेऊन उभा असतो, आणि सोंग इतकं हुबेहूब वठलेलं असतं की त्यापायी हेड उतरवलं जातं.

टर्मिनलवरच्या चिमूटभर घाणीने एवढा मोठा ट्रक अडेल हे कुणाला पटत नाही. आकारावर आपला फार विश्वास असतो. म्हणून थोडं गणित करू. सेल्फ शेकडो अँपिअर करंट ओढतो. हिशेबाला तीनशे धरा. जोडाच्या जागी एका ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा असला, तरी तीनशे गुणिले शून्य पूर्णांक शून्य एक म्हणजे तीन व्होल्ट तिथेच गळाले. बारा व्होल्टची चांगली बॅटरीसुद्धा या ओझ्याखाली दहाच्या आसपास उतरते. त्यातले तीन वाटेत गेले की सेल्फच्या हाती सात पडतात. आणि गेलेले तीन काही हवेत विरत नाहीत. तीन व्होल्ट आणि तीनशे अँपिअर म्हणजे नऊशे वॅट उष्णता त्या एका क्लॅम्पवर निघते. जी ऊब सिलिंडरमध्ये हवी होती ती बॅटरीच्या डोक्यावर चहाचं पाणी तापवायला मिळते. दोन-चारदा सेल्फ मारून झाल्यावर (आणि चावी बंद केल्यावर) जोडांवरून सावकाश हात फिरवावा. जो चटका देईल तो आरोपी. याला मेकॅनिक लागत नाही, आणि चटका बसल्यावर वादही उरत नाही.

इथे बॅटरी पक्षाचे लोक एक पुरावा पुढे करतात. नवी बॅटरी बसवली आणि गाडी लगेच सुरू होऊ लागली, मग दोष बॅटरीचाच नव्हता का? असेलही. बॅटरीही मरतात, आणि त्या मेल्या की नाही हे कळतंही. रात्रभर उभ्या राहिलेल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत, आणि सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर तिच्यात दम राहिलेला नाही. पण नवी बॅटरी बसवताना दुकानातला पोरगा आणखी एक गोष्ट करतो, जी बिलात लिहिलेली नसते: जुने क्लॅम्प काढून पॉलिश पेपरने घासतो आणि पुन्हा घट्ट कसतो. गाडी सुधारते, श्रेय सात-आठ हजारांच्या बॅटरीला जातं आणि पॉलिश पेपर गटारात जातो. पुढच्या पावसाळ्यानंतर थर पुन्हा साचला की ‘हल्ली बॅटऱ्या टिकत नाहीत’ अशी हळहळ ऐकू येते. मोठ्या ट्रकात बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. तिथे दोघींतली एकच बदलण्याची काटकसर केली की जुनी बॅटरी नवीलाही आपल्या पंक्तीला बसवते. अर्थिंगची कथा याहून सुरस आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, रबरातून करंट जात नाही, म्हणून इंजिन आणि चेसिस यांच्यात तांब्याची विणलेली पट्टी असते. दसऱ्याच्या आधी गाडीला रंग देताना तो बोल्ट सोडवून त्याच्याखालीही मनोभावे रंग फासला जातो. पूजा होते, हार चढतो, लिंबू-मिरची लागते, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी जडावते. नजर लागली म्हणावं तर ती रंगाऱ्याची.

यावर सगळ्यात जुना आक्षेप असा की एवढी उठाठेव कशाला, धक्का आहे ना! धक्क्याला माझा विरोध नाही. चार अनोळखी माणसं एका कामासाठी विनातक्रार एकत्र येण्याचे प्रसंग आता फार राहिलेले नाहीत. माझी तक्रार एवढीच की धक्का देणारे त्याचा निकाल वाचत नाहीत. धक्का ही मुळात उत्तम तपासणी आहे. त्यात बॅटरी, वायरी आणि सेल्फ ही तिन्ही बाजूला पडतात आणि चाकं थेट इंजिनाला फिरवतात. गाडी चार पावलांत पकडली तर डिझेल पोचतंय, फवारा उडतोय, दाबही पुरतोय, म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं. दोष त्या तिघांतच आहे. आणि फर्लांगभर ढकलूनही पकडली नाही, तर बॅटरीवाल्याकडे जाण्यात अर्थ नाही. इतका स्पष्ट निवाडा रोज सकाळी फुकट मिळतो, आणि तरी मालक उतार शोधत बसतो. गाडी उतारावर लावायची सवय झालेल्या माणसाचं गावाचं ज्ञान अचाट असतं. कोणत्या देवळाजवळ किती चढ आणि कोणत्या शाळेपुढे किती उतार हे तो सर्व्हे खात्याहून अचूक सांगेल. ज्याला उतार मिळत नाही तो चहाला, जेवणाला, वजनकाट्यावर, सगळीकडे इंजिन चालूच ठेवतो. तासाला दीड-दोन लिटर डिझेल उभ्या उभ्या जळतं, आणि पॉलिश पेपरचे दहा रुपये वाचतात.

आता दुसरा आजार: सेल्फ झकास, पण गाडी पकडत नाही. इथे धुराकडे बघायचं. सेल्फ फिरताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही. गारठा, हीटर प्लग, नोझल, टायमिंग, दाब, यांपैकी काहीतरी आहे. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही, आणि मग नोझल काढून नाशिकला चांगल्या टेस्टिंगला धाडणं व्यर्थ आहे. (नोझलच्या बाबतीत नाशिकची ख्याती रास्त आहे, तिथल्या मायको कारखान्याने अर्ध्या महाराष्ट्राला ते बनवायला आणि उरलेल्या अर्ध्याला त्याच्यावर शंका घ्यायला शिकवलं.) धूर नसताना बहुधा लाइनने हवा पकडलेली असते. यातली खुबी अशी की टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. तिथे एखादा वॉशर सैल असला तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. जमिनीवर डाग नाही, वास नाही, पाइप कोरडा ठणठणीत. आणि गळती म्हटली की ओल दिसलीच पाहिजे असं मानणारे सगळे त्या कोरड्या पाइपला निर्दोष ठरवून पुढे जातात. रात्रभरात त्या फटीतून हवा शिरते, डिझेल सावकाश टाकीत उतरतं, आणि सकाळी सेल्फला आधी ते पुन्हा वर ओढावं लागतं. दुपारी मात्र गाडी फुलासारखी सुरू होते, म्हणून मिस्त्रीकडे नेल्यावर दोष दिसत नाही आणि मालक खोटा पडतो. याची परीक्षा अगदी सोपी आहे. सकाळी सेल्फला हात लावण्याआधी फीड पंपावरचा हातपंप पंधरा-वीस वेळा मारायचा. त्यानंतर गाडी झटकन पकडली तर गुन्हा सिद्ध. तांब्याचे वॉशर बदलायचे, पाइपची भेगाळलेली रबरी टोकं कापायची, फीड पंपाचा वॉल्व्ह साफ करायचा, फिल्टरवरचा बोल्ट सैल करून हवा काढायची. आणि हे सगळं करण्याआधी डॅशबोर्डखाली इंजिन बंद करायची तार पूर्ण आत गेली आहे ना, ते बघायचं. ती अर्धवट ओढलेली राहिल्याने बंद पडलेल्या गाड्यांचे पंप आजवर किती खोलले गेले असतील, याची गणती न झालेली बरी.

इथवर येण्याचा धीर नसलेले दोन पंथ आहेत. एक एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरतो, दुसरा तिथे इथरचा फवारा मारतो. बोळेवाल्यांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की त्यांनी रुडॉल्फ डिझेल न वाचता त्यांचं तत्त्व जाणलं आहे. हवा गरम हवी, मग ती कशी का होईना. फक्त पेटत्या चिंधीचा तुकडा आत ओढला गेला की ती गरज जरा जास्तच भागते. इथरची गोष्ट वाईट आहे. ते डिझेलच्या आधी आणि स्वतःच्या मर्जीने पेटतं, आणि हीटर प्लग तापलेले असताना मारलं तर पिस्टन-रिंगांना असा तडाखा देतं की ज्या इंजिनकामाची खोटी भीती होती ते खरंच करावं लागतं.

अनुभवी मिस्त्री यावर हसतील. पंचवीस वर्षं इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणाऱ्याला मीटर कशाला हवा? मिस्त्रीच्या कानाबद्दल मला आदर आहे, आणि वर म्हटलेला हळू फिरण्याचा आणि उशिरा पकडण्याचा फरक ओळखायला कानासारखं साधन नाही. पण अर्धा व्होल्ट कानाला ऐकू येत नाही. खराब जोड, झिजलेले बुश आणि थकलेली बॅटरी या तिघांचं कण्हणं एकाच सुरात असतं. तिथे कान थांबतो आणि अंदाज सुरू होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कधीकधी इंजिन खरंच झिजलेलं असतं. असतं ना! रिंगा जातात, लायनर खातात, वॉल्व्ह बसत नाहीत. पण झिजलेलं इंजिन फक्त सकाळी साडेपाचला झिजलेलं नसतं. ते ब्रीदरमधून भकाभका धूर सोडतं, ऑइल पितं, कसारा घाटात भरल्या गाडीने जीव काढतं. ही लक्षणं असतील तर कॉम्प्रेशन गेज लावा, आकडा बघा आणि मग खुशाल खोला. जी गाडी दिवसभर घाट चढते, ऑइल मागत नाही, धूर सोडत नाही आणि फक्त पहाटे रुसते, तिला कॉम्प्रेशनचा रोगी ठरवणं हा अन्याय आहे, आणि त्याचा दंड मालक स्वतःच भरतो.

तरीही खोलाखोलीच का होते? याचं खापर एकट्या मिस्त्रीवर फोडता येत नाही. मालकाला दाखवायला काहीतरी लागतं. ‘यंदा इंजिनकाम केलं’ हे वाक्य पानाच्या टपरीवर वजनाने टाकता येतं. ‘यंदा क्लॅम्प घासला’ हे कुणी कुणाला सांगत नाही. आणि मिस्त्रीने तासभर शोधून, मीटर लावून, शेवटी दहा मिनिटांत अर्थिंगचा बोल्ट खरवडून गाडी नीट केली आणि पाचशे रुपये मागितले, की हाच मालक भडकतो: ‘‘एका बोल्टाचे पाचशे?’’ त्याऐवजी मिस्त्रीने सेल्फ बदलला, बॅटरी बदलली, जुने भाग गोणपाटात बांधून हाती ठेवले आणि पंधरा हजार घेतले, तर व्यवहार चोख वाटतो, कारण गोणी जड लागते. निदान गोणीत भरता येत नाही. आपण सुट्या भागांचे पैसे देतो, म्हणून आपल्याला सुटे भाग मिळतात. शोधण्याचे पैसे देत नाही, म्हणून कुणी शोधत नाही. त्या सौद्यात मिस्त्रीपेक्षा आपलाच हात मोठा आहे.

म्हणून ट्रकमालकांना एक विनंती. पुढच्या वेळी कुणी ‘‘वय झालंय, दुसरं काय!’’ म्हणालं की त्याला चहा पाजून वाटेला लावा. दोन-चारशे रुपयांचा मीटर आणा. एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर ठेवा, क्लॅम्पवर नव्हे. दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. मग तसंच निगेटिव्ह खांब आणि इंजिनाचं उघडं लोखंड यांच्यात मोजा. दोन्हींपैकी कुठेही अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनाला हात लावू देऊ नका. आणि हे मिस्त्रीकडून करून घेतलंत, तर शोधण्याचे पैसे त्याच्या हातावर आधी ठेवा, घासाघीस न करता.